नांतची सनद

धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासाची पुस्तके चाळणाऱ्या वाचकाला, फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने 1598 च्या एप्रिल महिन्यात नांत या शहरी दिलेल्या सनदेचे नाव जागोजागी मोठ्या आदराने घेतलेले आढळते. आणि त्या आदराने प्रेरित होऊन त्याने मूळ दस्तऐवजच वाचावयास घेतला, तर पहिल्या काही पानांतच त्याचा विरस होतो. माणसाच्या अंतःकरणाच्या स्वातंत्र्याविषयी उदात्त विवेचन सनदेत नाही, सर्व पंथांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे असा सिद्धान्त नाही, आणि परस्परप्रेमाचा उपदेश तर नाहीच नाही. आहेत ती नव्वदाहून अधिक कलमे, आणि त्यांच्या जोडीला पन्नासाहून अधिक गुप्त कलमे. आणि त्यांत विचार केलेला आहे तो प्रॉटेस्टंटांनी आपली मढी कोठे पुरावीत, कॅथलिक सणाच्या दिवशी दुकान उघडे ठेवावे की नाही, दशमांश कोणाकडे भरावा, रुग्णालयात रोग्याचा पंथ विचारावा की नाही, अशा गोष्टींचा. एखाद्या मामलेदाराच्या दप्तरातच शोभाव्यात अशा या बाबी आहेत. परंतु त्या सनदेचे खरे मोठेपण या रुक्ष तपशिलातच आहे, आणि पुढे तिचा अंत झाला तोही त्याच तपशिलाच्या वाटेने झाला, असे माझे मत आहे.

ही सनद आकाशातून पडली नव्हती. कॅल्व्हिनच्या शिकवणीने भारलेल्या लोकांची, म्हणजे ज्यांना ह्यूगनॉट असे म्हणत त्यांची, संख्या सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये इतकी वाढली, की पाखंड हा फौजदारी गुन्हा समजून एकेकाला चितेवर चढविण्याचा जुना शिरस्ता चालविणे सरकारलाच अशक्य झाले. राजमाता कॅथरिन द मेदिची हिच्या कारकिर्दीतील चॅन्सेलर मिशेल द लोपिताल या कायदेपंडिताने ही गोष्ट प्रथम ओळखली. तो स्वतः कॅथलिक होता; दोन धर्म एकत्र नांदणे इष्ट आहे असे त्याचे म्हणणे नव्हते; परंतु बहिष्कृत झालेला मनुष्यही नागरिक राहू शकतो, आणि राज्यापुढचा प्रश्न खरा धर्म कोणता हा नसून प्रजेने एकत्र कसे राहावे हा आहे, हे त्याने ताडले होते. त्याच्या आग्रहाने 1562 च्या जानेवारीत जी सनद निघाली, तिने प्रॉटेस्टंटांना तटबंदीच्या शहरांबाहेर प्रार्थना करण्याची मुभा दिली. दोन महिनेही लोटले नाहीत तोच, 1 मार्चच्या रविवारी, व्हासी या लहानशा गावी एका कोठारात प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांवर गीझचा ड्यूक या कॅथलिक सरदाराच्या हत्यारबंद लवाजम्याने हल्ला चढविला आणि पन्नासच्या आसपास माणसे ठार केली. ते कोठार गावकुसाच्या आत असल्यामुळे मुळात सनदेचा भंग कोणी केला, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. पण तो ऐकून घ्यावयास कोणी न्यायाधीश उरला नव्हता. येथून जी यादवी पेटली तिच्यात इतिहासकार आठ युद्धे मोजतात. प्रत्येक युद्धानंतर तह, तहानंतर सनद, सनदेनंतर तक्रारी, आणि तक्रारींची दाद न लागल्यामुळे पुन्हा युद्ध, असे हे रहाटगाडगे छत्तीस वर्षे चालले होते.

या काळातील दंगलींचा अभ्यास करून नाताली झेमन डेव्हिस या विदुषीने 1973 मध्ये एक विचार मांडला. धर्माच्या नावाने मारावयास निघालेला जमाव हा केवळ भुकेने किंवा मद्याने बेभान झालेला असतो, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. डेव्हिस यांना निराळेच दिसले. हे जमाव पुष्कळदा एका ठराविक क्रमाने वागत. ते बळीची चौकशी केल्याचे सोंग करीत, त्याच्याकडून कबुली मागत, त्याला शिक्षा ‘फर्मावीत’; प्रेते नदीत लोटीत, घरे व ग्रंथ जाळीत, म्हणजे पाण्याने आणि अग्नीने गाव ‘शुद्ध’ करीत. कॅथलिक जमावांचा रोख माणसांच्या देहांवर अधिक असे, तर प्रॉटेस्टंट जमावांचा मूर्तींवर, वेदींवर आणि धर्मगुरूंवर. न्यायाधीशाने आणि धर्मगुरूने जे करावयास पाहिजे होते व केले नाही, ते आपण करीत आहोत, अशी त्या माणसांची प्रामाणिक समजूत होती. आणि म्हणूनच हात रक्ताने भरल्यानंतरही त्यांच्या मनाला टोचणी लागत नसे.

हे निदान स्वीकारले, तर उपायाची दिशाही बदलते. अशा जमावापुढे भूतदयेचे व्याख्यान देऊन काय साधणार? तो स्वतःला दयाहीन समजतच नाही; तो स्वतःला राज्याचा आणि देवाचा हस्तक समजतो. तेव्हा न्यायाचे आसन रिकामे नाही, तेथे कोणीतरी बसलेला आहे, आणि शिक्षा करण्याचा अधिकार रस्त्यावरच्या माणसाला कोणी दिलेला नाही, हे त्याला प्रत्यक्ष दिसावे लागते. राज्य जेव्हा दिसत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे जमावाच्या बाजूला असल्यासारखे दिसते, तेव्हा काय घडते ते 1572 च्या ऑगस्टात पॅरिसने पाहिले. 18 तारखेला राजकन्या मार्गरीत हिचा विवाह नाव्हारच्या हेन्रीशी, म्हणजे याच पुढच्या सनदकर्त्याशी झाला. तो प्रॉटेस्टंटांचा पुढारी असल्याने त्याच्या पक्षाचे सरदार राजधानीत एकवटले होते. 22 तारखेला त्यांच्या सेनापतीवर, कोलिन्यीवर, गोळी झाडली गेली; आणि 24 च्या पहाटे, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, राजाच्या मंडळानेच पुढाऱ्यांच्या हत्येचा निर्णय घेतल्यावर, सारे शहर त्या हत्येत सामील झाले. राजाचा तसा हुकूम आहे, असे वाक्य एकदा गल्लोगल्ली पसरल्यावर शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार फोडले. पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसे मेली असावीत. पुढे ऑक्टोबरपर्यंत ओर्लेआँ, लियाँ, रुआँ, बोर्दो, तुलूझ अशा अनेक शहरांत त्याची पुनरावृत्ती झाली.

परंतु ती सर्वत्र झाली नाही, आणि मला वाटते की कत्तलीच्या वर्णनांपेक्षा ती न झालेल्या ठिकाणांकडे आपण अधिक लक्ष द्यावे. बर्गंडी प्रांताचा कारभार शार्नी नावाच्या सरदाराकडे होता. राजधानीहून दोन गृहस्थ त्याच्याकडे दिजाँ येथे आले. त्यांच्याजवळ होते ते नुसते ओळखपत्र. खरा हुकूम तोंडी सांगावयाचा होता, आणि तो काय होता हे सांगावयास नको. शार्नीने सल्लामसलतीसाठी काही मंडळी बोलाविली, त्यांत पिएर झानँ नावाचा एक तरुण वकील होता. त्याने धर्माविषयी एक अक्षरही न काढता कार्यपद्धतीविषयी प्रश्न काढला: या गृहस्थांनी हुकूम लेखी देऊन त्यावर सही करावी. तशी तयारी कोणाची होईना. तेव्हा झानँने रोमन सम्राट थिओडोसियस याच्या कायद्याचा दाखला दिला. थेस्सलॉनिका येथील लोकांची रागाच्या भरात कत्तल करविल्याचा पश्चात्ताप झाल्यावर त्या सम्राटाने असा नियम केला होता, की आपण असाधारण कठोर शिक्षा फर्माविली, तर अधिकाऱ्यांनी तीस दिवस थांबावे. दिजाँमध्ये तीस दिवस थांबावे लागले नाही. दोनच दिवसांत राजाकडून दुसरा जासूद मनाईहुकूम घेऊन पोहोचला. हा झानँ पुढे चौथ्या हेन्रीचा मंत्री झाला. कायदेकानूचा कीस पाडणाऱ्या वकिलांची आपण नेहमी थट्टा करतो, पण हुकूम लेखी मागण्याच्या एका सवयीने एका प्रांतातील किती घरे वाचली असतील, याचा त्या थट्टेच्या वेळी विचार होत नाही.

आता पुन्हा नांतकडे वळू. हेन्री 1589 मध्ये गादीवर आला, 1593 मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, पुढच्या वर्षी पॅरिसने त्याला दरवाजे उघडले. आणि आता त्याला आपल्या जुन्या सोबत्यांचा बंदोबस्त करून द्यावयाचा होता. त्याने दिलेली बहुतेक कलमे 1577 च्या एका जुन्या सनदेतूनच घेतलेली होती. प्रॉटेस्टंटांना राज्यात कोठेही राहण्याची मोकळीक मिळाली, आणि त्यांच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही असे वचन मिळाले. जाहीर प्रार्थना मात्र ठराविक ठिकाणीच करावयाची होती: जेथे ती 1596 मध्ये व 1597 च्या ऑगस्टपर्यंत चालू होती तेथे, प्रत्येक परगण्यात आणखी नेमून दिलेल्या दोन जागी, आणि वरिष्ठ न्यायाधिकार असलेल्या सरदारांच्या वाड्यांत. पॅरिस शहरात व त्याच्या आसपास तिला मनाई होती. सरकारी नोकऱ्या, विद्यालये, रुग्णालये दोन्ही पंथांना खुली झाली. एकमेकांची मुले पळवून किंवा फूस लावून त्यांना बाप्तिस्मा देण्यास बंदी झाली. धर्मोपदेशकांनी व्यासपीठावरून लोकांना चिथावणी देऊ नये, असेही बजावले गेले. याच्या बदल्यात जेथे जेथे मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बंद पडली होती तेथे ती पुन्हा सुरू व्हावयाची होती, आणि हे कलम प्रॉटेस्टंटांच्या दक्षिणेकडील बालेकिल्ल्यांना मुळीच रुचणारे नव्हते. शिवाय वेगळ्या लेखांन्वये त्यांच्या पाळकांच्या वेतनासाठी वार्षिक रक्कम आणि आठ वर्षांकरिता सुमारे दीडशे सुरक्षित ठाणी देण्यात आली.

सनदेच्या पहिल्याच दोन कलमांनी जे केले ते आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. गेल्या युद्धात दोन्ही बाजूंनी जे घडले त्याची स्मृती, जणू काही ते घडलेच नाही अशी, विझून जावी. त्यावरून कोणी कोणाला डिवचू नये, टोमणे मारू नयेत, फिर्याद करू नये, असे राजाने फर्माविले. ज्याच्या भावाला मारेकऱ्याने नदीत लोटले, त्याने त्याच मारेकऱ्याच्या दुकानी निमूटपणे जिन्नस खरेदी करावा, हा न्याय कसला? मला हे कलम कधीही पूर्णपणे पटलेले नाही. परंतु प्रत्येक गावात खुनाच्या बदल्याची यादी दोन्ही बाजूंना तोंडपाठ असताना राजाच्या पुढे दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तरही मला देता येत नाही. अघोर कृत्यांना, आणि लुटालुटीच्या वैयक्तिक गुन्ह्यांना, ही माफी लागू नव्हती, एवढी सावधगिरी मात्र त्याने ठेवली.

सनद काढणे सोपे असते. न्यायालयांनी ती दाखल करून घेतल्याशिवाय तिला कायद्याचे बळ येत नसे, आणि पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने टाळाटाळ चालविली. 1599 च्या आरंभी हेन्रीने न्यायाधीशांना लूव्हरच्या राजवाड्यात बोलावून, राजवस्त्रांऐवजी घरच्या साध्या पोशाखात, काहीशा वडीलकीने आणि काहीशा दटावणीने समजाविले, तेव्हा कोठे 25 फेब्रुवारीस दाखलनोंद झाली. रुआँच्या न्यायालयाने तर पुरी नोंद 1609 पर्यंत लांबविली. मग प्रांतोप्रांती अंमलबजावणीसाठी कमिशनर निघाले, ते जोडीने: एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. गावात जाऊन त्यांनी दोन्ही पक्षांना एकत्र बोलवावे, अर्ज घ्यावेत, जाबजबाब नोंदवावेत, प्रार्थनेची जागा व दफनभूमी आखून द्यावी, आणि प्रमुख रहिवाशांकडून सनद पाळण्याची शपथ घ्यावी, अशी रीत होती.

याहूनही अधिक मोलाची योजना मिश्र न्यायपीठांची होती. कास्त्र येथे असे न्यायपीठ आधीपासून होते; बोर्दो आणि ग्रेनोबल या न्यायालयांच्या कक्षेत नवी नेमण्यात आली, आणि त्यांत दोन अध्यक्ष व बारा न्यायाधीश निम्मेनिम्मे असावेत असे ठरले. ज्या दाव्यात प्रॉटेस्टंट पक्षकार असेल तो येथे चालवून घेता येई. ही कचेरी धर्मचर्चेची नव्हती. येथे येत ते वारसाहक्काचे, कर्जाचे, मुलांच्या पालकत्वाचे, दफनभूमीचे कज्जे. आपल्या पंथाचा मनुष्य आसनावर बसलेला आहे हे पाहून पक्षकार तलवार घरी ठेवून कागद घेऊन येऊ लागला. गणितात ज्याचे नाव अजरामर झाले तो पिएर द फर्मा तुलूझच्या न्यायालयाचा कॅथलिक न्यायाधीश होता, आणि कास्त्रच्या मिश्र न्यायपीठावर तो अनेकदा बसला. 1665 च्या जानेवारीत त्याचे निधन झाले तेही कास्त्रमध्येच, कामकाजासाठी गेला असताना. आपल्या प्रसिद्ध प्रमेयाची सिद्धता लिहावयास समासात जागा पुरली नाही असे म्हणणाऱ्या या मनुष्याचे आयुष्य पाटबंधारे, शेते आणि देणीघेणी यांचे निवाडे देण्यात गेले, हे त्याच्या चरित्रकारांना काहीसे कंटाळवाणे वाटते; मला तसे वाटत नाही.

पण या सनदेत एक मूळचे वैगुण्य होते. ती राजाने दिलेली कृपा होती. प्रजेने सिद्ध केलेला हक्क नव्हता. बहुसंख्यांच्या सर्वसाधारण नियमाला ती एक अपवाद होती, आणि अपवादाचा अर्थ आकुंचित करता येतो. 1610 मध्ये हेन्रीचा खून झाला. ला रोशेल या प्रॉटेस्टंटांच्या बालेकिल्ल्याच्या वेढ्यानंतर, 1629 च्या तहाने, सुरक्षित ठाणी गेली. उपासनेचे कलम तेवढे शिल्लक राहिले. चौदावा लुई 1661 मध्ये स्वतः राज्य पाहू लागला तेव्हा पुन्हा जोडीचे कमिशनर प्रांतोप्रांती निघाले, मात्र आता त्यांचा प्रश्न उलटा होता. तुमच्या गावी 1596 आणि 1597 मध्ये प्रार्थना चालू होती याचा लेखी पुरावा दाखवा! साठ वर्षांपूर्वीच्या, युद्धात जळालेल्या गावांतील कागद कोणी कोठून आणावेत? पुरावा नाही म्हणून शेकडो प्रार्थनामंदिरे पाडली गेली. सनदेत स्पष्ट शब्दांत जे दिले नाही ते निषिद्ध समजावे, असा अर्थ लावणारे ग्रंथ विद्वान वकिलांनी लिहून दिले. दिजाँच्या वकिलाने ज्या विद्येने माणसे वाचविली, तीच विद्या आता दुसऱ्या धन्याच्या चाकरीत लागली होती.

यापुढचा क्रम मुद्दाम सावकाश वाचावा, कारण त्यात कोठेही एकदम धक्का देणारे काही नाही. प्रॉटेस्टंटांचे दफन पहाटे किंवा तिन्हीसांजेलाच व्हावे, आणि अंत्ययात्रेत तीसहून अधिक माणसे नसावीत, असे हुकूम निघाले. लग्ना-बाप्तिस्म्याला येणाऱ्यांची संख्या मर्यादित झाली. 1669 मध्ये प्रॉटेस्टंटांचे दावे ऐकणारे पॅरिसचे विशेष न्यायपीठ बंद झाले. 1679 मध्ये मिश्र न्यायपीठेही गेली, आणि हाच जिझिया कर औरंगजेबाने पुन्हा लादल्याचा काळ, हे मराठी वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. 1680 मध्ये प्रॉटेस्टंट सुइणींना आपला व्यवसाय करण्याची बंदी झाली. 1681 मध्ये असे ठरले, की सात वर्षांचे मूल आईबापांच्या इच्छेविरुद्ध कॅथलिक होऊ शकते. ज्या सनदेने मुले फूस लावून नेण्यास बंदी केली होती ती अद्याप कायद्याच्या पुस्तकात जिवंतच होती! पेलिसाँ नावाच्या, स्वतः पंथ बदललेल्या अधिकाऱ्याकडे एक खजिना सोपविलेला होता. त्यातून धर्मांतर करणाऱ्या गोरगरिबांना काही लिव्हर (फ्रेंच नाणी) बक्षीस मिळत. त्याच वर्षी प्वातू प्रांतात मारियाक या सुभ्याच्या अधिकाऱ्याने एक जुनीच प्रशासकीय युक्ती वापरली: फौज उतरवावयाची ती प्रॉटेस्टंटांच्या घरी, आणि धर्मांतर करणाऱ्याला या बोजातून सूट. घरात उतरलेले घोडेस्वार कोठीतले धान्य संपवीत, सामानाची नासधूस करीत, आणि घरधन्याला झोप लागू नये म्हणून रात्रभर ढोल वाजवीत. हजारोंनी पंथ बदलला. कागदोपत्री कोणावर धर्मासाठी जबरदस्ती झाली नव्हती. फक्त छावणीच्या जागेची वाटणी झाली होती.

म्हणून 1685 च्या ऑक्टोबरात फोंतेनब्लो येथून जे रद्दपत्र निघाले, त्याचे कारण त्यातच मोठ्या समाधानाने नमूद केलेले आहे: प्रॉटेस्टंट प्रजेच्या चांगल्या आणि मोठ्या भागाने कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे आता नांतची सनद निरुपयोगी झाली आहे. पाळकांनी पंधरा दिवसांत देश सोडावा. इतरांनी मात्र सोडू नये, सोडताना सापडल्यास पुरुषांना गलबतावर वल्ही मारण्याची सक्तमजुरी. तरीही दीड-दोन लाख माणसे हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड व ब्रांडेनबुर्ग येथे निसटली, आणि ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने तर काही आठवड्यांतच त्यांना आश्रय देणारी आपली सनद काढली. राजाचाच दुर्गशिल्पकार व्होबाँ याने 1689 मध्ये या लोकांना परत बोलवावे असे टिपण लिहिले, आणि कारागीर, पैसा व सैनिक किती गेले याचा हिशेब मांडला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

या निर्वासितांनी हॉलंडातील छापखाने गजबजून गेले असतानाच, 1687 मध्ये लायडन येथे शार्ल डेलाँ या फ्रेंच वैद्याचे एक पुस्तक छापले गेले. डेलाँ कॅथलिक होता. दमण येथे पोर्तुगीजांनी त्याला पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, तुरुंगात डांबले होते, आणि 1676 च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावली होती. आरोप कोणी केला हे कैद्याला सांगावयाचे नाही, आणि आपला गुन्हा काय तो त्यानेच आठवून कबूल करावा, ही त्या न्यायालयाची पद्धत त्याने बारकाईने वर्णिली. फ्रान्समध्ये नुकताच जो न्यायव्यवहार मोडून पडला होता, त्याच्या नेमकी विरुद्ध टोकाची ही पद्धत होती. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या 1961 च्या इंग्रजी ग्रंथात डेलाँचा वृत्तान्त घेतला, त्यामुळे आपल्याकडील अभ्यासकांना तो सुलभ झाला आहे.

फ्रान्समध्ये मागे राहिलेल्यांची स्थिती तर अशी झाली, की कायद्याच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद कॅथलिक धर्मगुरूच्या वहीतच होत असे. रानात चोरून जमलेल्या सभेत पाळकाने लावलेले लग्न कायद्याला मान्य नव्हते, आणि म्हणून मुले औरस ठरत नव्हती, वारसा मिळत नव्हता. तुलूझचा कापड-व्यापारी झाँ कालास याला 1762 मध्ये, मुलाने कॅथलिक होऊ नये म्हणून त्याचा खून केला अशा खोट्या आरोपावरून, चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. व्होल्तेअरने ते प्रकरण हाती घेतले आणि तीन वर्षांनी तो निवाडा रद्द झाला. त्यानंतरही 1787 उजाडावे लागले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सोळाव्या लुईने जी सनद काढली, तिने जाहीर उपासनेची परवानगी दिली नाही. तिने दिली ती नोंदवही. विवाह राजाच्या न्यायाधीशापुढेही जाहीर करता येईल, आणि जुन्या जोडप्यांनी साक्षीदारांसह एका वर्षात येऊन नोंद केल्यास त्यांची मुले औरस ठरतील, असे तीत होते. मग वृद्ध झालेली माणसे आपली मुले, काही ठिकाणी नातवंडे, बरोबर घेऊन कचेरीत येऊ लागली, आणि कारकुनाने पूर्वीच होऊन गेलेल्या संसारांना तारखा दिल्या.

राज्यक्रांती सुरू झाल्यावर, 1789 च्या ऑगस्टात, पाळक असलेल्या राबो सेंत-एतियेन या सभासदाने सभागृहात हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने मांडली: आम्हांला सहिष्णुता नको, स्वातंत्र्य हवे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात त्याचा अंश उतरला. आणि 15 डिसेंबर 1790 च्या कायद्याने, धर्मासाठी देशोधडीला लागलेल्यांच्या वंशजांना, ते फ्रान्समध्ये परतून नागरिकत्वाची शपथ घेतील तर, जन्मतः फ्रेंच मानण्यात आले. त्यांची जी मालमत्ता सरकारच्या ताब्यात होती तिच्या परतफेडीची तरतूदही त्यात होती. शंभर वर्षांपूर्वी पणजोबा बर्लिनला पळून गेला होता, एवढे कागदपत्रांनी सिद्ध करता आले की पुरे. आणि राजे, प्रजासत्ताके व साम्राज्ये येत-जात राहिली तरी नागरिकत्वाचे ते कलम 1945 पर्यंत कायद्यात कायम होते.